कायमचं बंद

कुताइसीच्या बाजारामागे, मासळीवाल्यांच्या गल्लीच्या टोकाला
माझं बटणांचं दुकान आहे.
हे मला ठाऊक आहे, शेजारच्या ओतियाला ठाऊक आहे,
आणि दहाच्या सुमाराला उन्हाची तिरीप येते, तिला.
जगाला ठाऊक नव्हतं.

फेब्रुवारीत एक मुलगी काचेपलीकडे थांबली.
हातात फोन, अंगात एक बटण तुटलेला कोट.
फोनकडे बघे, पाटीकडे बघे, पुन्हा फोनकडे.
मी आतून हात केला.
ती निघून गेली.

संध्याकाळी ओतियाच्या नातीने, तेक्लाने, दाखवलं:
नकाशात माझ्या दुकानाच्या जागी राखाडी ठिपका,
खाली दोनच शब्द. कायमचं बंद.

मी गल्ल्यावर बसलेली, पुढ्यात वाफाळता चहा,
आणि कुणीतरी, कुठेतरी,
माझ्या चाळिसाव्या दिवसाचं जेवूनसुद्धा मोकळं!

चौतीस वर्षं.
सरकारं बदलली, नोटा बदलल्या,
वीज नसायची त्या हिवाळ्यांत मेणबत्तीशी बसून
काळं कुठलं, गडद निळं कुठलं
हे मी कडेच्या जाडीवरून सांगायची.
तेव्हा नाही बंद झालं.

तेक्ला म्हणाली,
लोक आधी तिथे बघतात, मग पायात चपला घालतात.
मी म्हटलं, बटण काय बघून घ्यायची वस्तू आहे?
खरा शिंपला गालाला लावला की गार लागतो.
फोनला गाल लावणार का ते?
ती म्हणाली, मग हेच लिहू.

रविवारी खिडकीच्या फळीवर सासूबाईंची काळी मखमल अंथरली.
एकशे बारा खण. दुपारपर्यंत नऊ झाले.
पहिल्याच फोटोत माझा अंगठा आला, नख चिरलेला.
काढून टाक म्हटलं.
राहू दे, म्हणाली, माप कळतं.

शिंपल्याचं, चार भोकांचं. गालाला गार.
शिंगाचं, एकच उरलंय. जोडी मागू नये.
लाल, काचेचं. कशाला घेतली होती आठवत नाही.

अकरा दिवस काही नाही.
मी ओतियाला म्हटलं, बघ, मेलेल्याला कोण हाक मारतं?
बाराव्या दिवशी रीगाहून एका बाईचं पत्र,
नाटकांचे कपडे शिवते ती:
पितळी, गरुडवाली, एकोणीस हवीत.
माझ्याकडे सतरा.
ती म्हणाली, पाठवा,
दोन शिपाई उघड्या छातीने मरतील.

टपालखर्च बटणांहून जास्त झाला.
तो तिनेच भरला, तरी मला लाजल्यासारखं झालं,
म्हणून लाल काचेचं एक वर टाकलं.

फार पैसा आला असं कुणी समजू नये.
मार्चचं भाडं ओतियाकडून उसनंच होतं.
एकाने पाचातला एकच तारा दिला,
लिहिलं, बटणं चांगली, बाई फार बोलते.
तेक्ला चिडली. मी नाही.
बोलते ती बंद कशी असेल?

आता कधीकधी कुलूप काढण्याआधीच भवानी झालेली असते.
रात्री, मी झोपेत असताना,
परक्या गावचं कुणी माझ्या खणांतून हात फिरवून जातं,
आणि सकाळी सगळं जिथल्या तिथे.
याची सवय व्हायची आहे.

एप्रिलात ती मुलगी पुन्हा आली.
चेहरा मला आठवत नव्हता, कोट आठवत होता.
मला वाटलं, तुमचं बंद झालं, म्हणाली.

तिसऱ्या काजाशी सेफ्टी पिन होती, गंजायला लागलेली.
एका राखाडी ठिपक्यापायी
दोन महिने वारा त्या फटीतून
तिच्या अंगात शिरत राहिला होता.

मी खणाकडे वळले.
म्हटलं, कोट काढ.